दार पुढच्या बाजूला

"इथे राखीव जागा नसतात, बाई. इथे बारा तास स्वतःच्या डोक्याने काढावं लागतं."

वसंतकाका हे बोलले तेव्हा त्यांच्या हातात केक कापायची सुरी होती. शॉमबर्गमधलं त्यांचं घर, घराचं बेसमेंट, ऑक्टोबरमधला रविवार. खोलीत चौदा माणसं होती. मला आकडा माहीत आहे, कारण प्लेटा मी मांडल्या होत्या. सगळे मराठी. केक सुहाससाठी होता. सुहास पहिल्या प्रयत्नात पास झाला होता आणि आता त्याला आर्किटेक्टचा परवाना मिळणार होता. मी चौथ्यांदा नापास झाले होते. आमची पाकिटं एकाच आठवड्यात आली.

भिंतीवर पाटी होती. सुहासचं पूर्ण नाव आणि खाली 'रजिस्टर्ड आर्किटेक्ट'. अक्षरं माझी. काकांनी आदल्या दिवशी फोन केला होता, "तुझा हात चांगला आहे, तूच कर." मी केली. काळ्या शाईने, ओळी आखून.

कुणीतरी विचारलं, "काका, आणि हिचं काय झालं?"

"हिचा हात देवाने दिलाय," काका म्हणाले. "पण तिकडचं गणित इथे चालत नाही." मग ते राखीव जागांचं वाक्य. त्यांचा आवाज चढला नव्हता. केकचा तुकडा सुहासच्या तोंडात भरवून, माझ्याकडे वळून, हसत बोलले.

लोक हसले. सुहास हसला. काकांच्या पत्नी, नलूकाकू, हसल्या नाहीत. त्या खाली बघून चमचे गोळा करत राहिल्या.

मीही हसले.

त्यांनी काय म्हटलं हे मी नंतर काही जणांना सांगितलं. मी हसले हे कुणालाही सांगितलं नाही. आज लिहिते आहे.

अमेरिकेत आर्किटेक्चरची पदवी असली म्हणून स्वतःला आर्किटेक्ट म्हणता येत नाही. राज्याची परीक्षा पास व्हावी लागते. मगच परवाना, मगच नकाशावर मारायचा स्वतःचा शिक्का. परीक्षेचे अनेक भाग असतात. बाकीचे सगळे मी पहिल्या दोन वर्षांत पास झाले. एक राहिला. इमारतीचं डिझाइन. तो वर्षातून एकदाच असतो, जूनमध्ये. मोठ्या हॉलमध्ये शेकडो टेबलं. प्रत्येकाने आपला ड्रॉइंग बोर्ड, दिवा, पेन्सिली आणि डबा घेऊन यायचं. सकाळी हातात कागद मिळतो. त्याला प्रोग्राम म्हणतात. इमारतीत कोणत्या खोल्या हव्यात, कशाशेजारी काय हवं, गाड्या कुठून याव्यात, सगळं त्यात लिहिलेलं असतं. बारा तासांत अख्खी इमारत काढून द्यायची. निकालात एकच शब्द. पास किंवा नापास.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावची. बौद्ध. नागपूरला आर्किटेक्चर केलं, राखीव जागेवर प्रवेश घेऊन. पहिल्या वर्गात पास झाले. शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावी आले, चौघींनी एका अपार्टमेंटमध्ये राहून मास्टर्स केलं आणि शिकागोच्या या उपनगरात नोकरी लागली. मोठं ऑफिस होतं. मला अक्षरांवर बसवलं. नकाशावरची सगळी नावं, मापं, टिपा हाताने लिहाव्या लागत, आणि माझं अक्षर छापल्यासारखं होतं. क्लायंट आले की बॉस टेबलांमधून फिरत ओळख करून द्यायचा. माझ्याजवळ आला की म्हणायचा, "धिस इज अवर लेटरिंग." नाव सांगायचा नाही.

वसंतकाकांकडे मी एका ओळखीच्या बाईंच्या सांगण्यावरून गेले. त्यांचं स्वतःचं छोटं ऑफिस होतं आणि रविवारी ते मराठी मुलांना परीक्षेसाठी शिकवायचे. फी घेत नसत. पहिल्या भेटीत त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. गाव कोणतं. वडील काय करत. नागपूरला ॲडमिशन कशी मिळाली. तिसऱ्या प्रश्नालाही मी खरं उत्तर दिलं.

"अच्छा," काका म्हणाले. आणि मला टेबल दाखवलं. गरम पाण्याच्या टाकीजवळचं, कोपऱ्यातलं.

रविवारची पद्धत अशी होती. काका एक प्रोग्राम द्यायचे. शाळा, बँक, दवाखाना, काहीही. मुलं काढायची. संध्याकाळी काका लाल पेन्सिल घेऊन एकेकाच्या शीटवर वाकायचे. "हा जिना कुणासाठी? हा माणूस टॉयलेट शोधत मरेल." सगळे हसायचे आणि शिकायचे. मला पहिल्याच महिन्यात त्यांनी वेगळी गुंडाळी दिली. त्यांच्या ऑफिसच्या शीट होत्या, बांधकामाच्या परमिटसाठी जाणाऱ्या. "आधी यांचं लेटरिंग कर. तुझा सराव होईल."

परीक्षेत सुंदर अक्षराने कुणी पास होत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी केलं. काका वयाने मोठे होते, फी न घेता शिकवत होते, आणि परदेशात आपली माणसं म्हणून मला तेवढंच घर माहीत होतं. चार वर्षं मी रविवारी त्यांची अक्षरं काढली. सरावाच्या इमारती मी आठवड्यात घरी काढायची आणि रविवारी निघताना त्यांच्यासमोर धरायची. काका उभ्या उभ्या बघायचे. "तुझं काय बघायचं? स्वच्छच असतं." लाल पेन्सिल कानावरच राहायची.

माझ्या शीटवर त्यांची लाल रेघ एकदाही पडली नाही. पहिली दोन वर्षं मला तो मान वाटला.

केकच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोन कॉम्प्युटर आले. ते नकाशे काढणारे होते. त्यांच्याबरोबर आलेल्या माणसाने पडद्यावर एक ओळ लिहून दाखवली. माझ्या अक्षरापेक्षा वाईट होती. पण एका बटणात आली. बॉसने मला केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या हिवाळ्यापासून हाताने अक्षरं काढायचं काम राहणार नाही. परवाना असेल तर डिझाइनमध्ये जागा आहे. नसेल तर त्याला वाईट वाटतं.

म्हणजे जूनमधली एकच परीक्षा उरली होती.

नापासाच्या पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ असते. वेळ ठरवून आलात तर परवाना कार्यालयात तुमची उत्तरपत्रिका बघता येईल. मी ती चारदा वाचली होती. पहिल्या वर्षी काकांना विचारलंही होतं. ते म्हणाले होते, "तिथे जाऊन काय मिळणार? लाज काढून घ्यायची का?" मी गेले नव्हते. या वेळी विचारलं नाही. फोन केला, सुट्टी टाकली आणि नोव्हेंबरमध्ये राज्याच्या राजधानीला, स्प्रिंगफील्डला ड्राइव्ह केलं. साडेतीन तास. दोन्ही बाजूंना कापून नेलेल्या मक्याची खुंटं.

खोलीत एक टेबल आणि एक कारकून बाई. तिने नियम सांगितले. पेन नाही. नक्कल नाही. एक तास. तिने या वर्षीची शीट समोर ठेवली. मी विचारलं, आधीच्या तीन मिळतील का? तिने माझ्याकडे बघितलं.

"सगळ्या कुणी मागत नाही," ती म्हणाली. पण आत गेली आणि घेऊन आली.

मी चारही शीट टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. ग्रंथालय. दवाखाना. न्यायालय. संग्रहालय. प्रत्येकीला परीक्षकांची चिठ्ठी जोडलेली. हस्ताक्षरं वेगळी, मजकूर जवळपास एकच. मालाच्या गाड्या आणि लोक एकाच वाटेवर. सर्व्हिसचं दार मुख्य दाराशेजारी. गंभीर दोष.

मालाच्या गाड्या, कचरा, दुरुस्तीचं सामान यांच्यासाठी इमारतीला वेगळं दार लागतं. ते सर्व्हिसचं दार. सगळे ते मागे काढतात. माझ्या चारही इमारतींत ते पुढे होतं. मुख्य दाराच्या उजव्या हाताला. दवाखान्यात तर कचऱ्याची गाडी जिथे मागे घ्यावी लागली असती, नेमक्या त्याच जागी चाकाच्या खुर्चीतला पेशंट उतरला असता. मी परीक्षक असते तर मीही नापास केलं असतं.

याचं माझ्याकडे कारण होतं. एकच रस्ता, कमी डांबर, कमी खर्च. मी ते सुहासला सांगितलं होतं, ऑफिसात सांगितलं होतं, आणि मला ते खरं वाटत होतं. चार शीट एकत्र बघताना ते टिकेना. ग्रंथालयाच्या जागेला दोन्ही बाजूंनी रस्ता होता. मागचा रस्ता आयता होता. तरी मी दार पुढे आणलं होतं. एखादं कारण एका इमारतीचं असू शकतं. चार इमारतींचं कारण एकच असेल तर ते काढणाऱ्याचं असतं.

माझी आई गावातल्या मुलींच्या शाळेत झाडायची. पुढचं फाटक रस्त्यावर, त्याला कमान. मागचं फाटक संडासांच्या बाजूला, गटारावर टाकलेल्या फरशीवरून. आई मागून यायची. पाचवीत मला त्याच शाळेत घातलं. पहिल्या दिवशी मी नवा गणवेश घालून बाकीच्या मुलींबरोबर पुढच्या फाटकातून गेले. पायऱ्यांवर मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

"तू कमलची ना?"

"हो, बाई."

"मग आईबरोबर तिकडून येत जा."

एवढंच. रागावल्या नाहीत. मी सहा वर्षं तिकडून गेले. पावसाळ्यात फरशी बुडायची. मी गवतावर चपला पुसून वर्गात बसायची. दहावीला शाळेत पहिली आले. सत्काराला आई आणि मी मागूनच गेलो. आम्हाला त्या दिवशी कुणी सांगितलंही नव्हतं. पाय तिकडेच वळले.

स्प्रिंगफील्डच्या त्या खोलीत मला कळलं की मला मागचं दार काढता येत नाही. डोळ्यांनी प्रोग्राम चार वेळा नीट वाचला होता. हाताने ऐकलं नव्हतं.

पण तास संपायला अजून वीस मिनिटं होती. शीटला प्रोग्रामही टाचलेला होता. मी तो पुन्हा वाचला, वकिलाचा कागद वाचतात तसा. मालाच्या गाड्या आणि कचरा यांसाठी स्वतंत्र दार, सार्वजनिक दारापासून दूर. खाली वेगळ्या ओळीत, सफाई करणाऱ्यांसाठी खोली, सोयीच्या ठिकाणी. झाडणाऱ्या माणसाने सकाळी कोणत्या दारातून आत यावं, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. चारही प्रोग्राममध्ये नव्हतं. मी दर वेळी सफाईची खोली कचऱ्याच्या दाराला चिकटवली होती. आणि त्या खोलीतल्या माणसाला मागून यावं लागू नये म्हणून कचऱ्याची गाडीच पुढे ओढून आणली होती.

मी बंड करत नव्हते. मोठ्या बाईंनी घातलेली जोडी मी मोडलीच नव्हती. कचरा आणि माझी आई एकाच दाराने येणार, हे मी धरूनच चालले होते. दार फक्त बदललं होतं.

हे कळल्यावर मला रडू आलं नाही. राग आला. स्वतःचाही.

"सापडलं?" शीट गोळा करताना कारकून बाईने विचारलं.

"हो."

"बहुतेक जण वाद घालतात," ती म्हणाली आणि दिवा बंद केला.

पुढच्या रविवारी मी काकांकडे गेले. सुहास होता. पास झाल्यावरही तो काकांच्या मदतीला येत होता. दोन नवीन मुलं होती. माझ्या कोपऱ्यातल्या टेबलावर गुंडाळी तयार होती.

"ये, ये," काका म्हणाले. "मंगळवारी सबमिट करायचंय. सहा शीट आहेत. नावांपासून सुरू कर."

मी कोट काढला नाही.

"काका, आधी एक विचारायचंय. चार वर्षं तुम्ही माझ्या इमारती बघत होता. सर्व्हिसचं दार दर वेळी पुढे होतं. तुम्हाला दिसलं नव्हतं?"

ते पेन्सिलीला टोक करत होते. करत राहिले.

"दिसलं होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुझं काही तत्त्व असेल. तुमच्या लोकांचं असतं ना तसं काहीतरी. म्हटलं, उगाच कशाला दुखवा. परत चिडायचीस."

"माझं पार्किंग तर तुम्ही तीनदा खोडलंत, काका," सुहास म्हणाला. त्याला बहुधा वातावरण हलकं करायचं होतं. "तिसऱ्या वेळी कागद फाटला."

"तू चिडत नाहीस रे."

"मी कधी चिडले?" मी विचारलं.

नवीन मुलं आपापल्या शीटमध्ये बघू लागली. चार वर्षांत मी त्या खोलीत एकदाही आवाज चढवला नव्हता. काकांना ते आठवत असणार. त्यांची स्मरणशक्ती चांगली होती. सुहासच्या पहिल्या महिन्यातल्या चुका ते अजून सांगायचे.

मी गुंडाळी उचलली, नळीत घातली, झाकण लावलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे मी करणार नाही."

"आज जमत नाही का?"

"यापुढे कधीच नाही."

"अगं, सहाच शीट आहेत यार," सुहास म्हणाला. "मी मापं लिहितो, तू फक्त नावं कर."

"तू सगळंच कर, सुहास. तुला परवाना आहे."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "चार वर्षं शिकवलं. त्याचं हे?"

"शिकवलंत तुम्ही सुहासला. मी अक्षरं काढली." मग मी ते बोलले जे बोलायला आले होते. "त्या दिवशी केक कापताना तुम्ही राखीव जागांचं बोललात. मी हसले. हसायला नको होतं. मला प्रवेश राखीव जागेवरच मिळाला. माझ्या आईने झाडलेल्या शाळेतून मी तिथे गेले आणि पहिल्या वर्गात पास झाले. हे त्याच वेळी, सगळ्यांसमोर सांगायचं होतं. आता जेवढे आहेत तेवढ्यांसमोर सांगते आहे."

"मी गमतीत बोललो होतो," काका म्हणाले.

"मला माहीत आहे. म्हणूनच सगळे हसले."

भिंतीवर सुहासची पाटी अजून होती. मी ती काढून घेतली नाही. काम चांगलं झालं होतं.

जिना चढून वर आले तर नलूकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"जेवून जा गं."

"नको, काकू."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी नव्हते हसले त्या दिवशी."

"हो. मी पाहिलं. पण तुम्ही बोललाही नाहीत."

त्यांनी मान खाली घातली. मला त्यांचं वाईट वाटलं. तरी वाक्य परत घेतलं नाही.

त्यानंतर काकांचा एकदाच फोन आला. अक्षरांच्या ओळी आखायच्या त्यांच्या पट्ट्या माझ्याकडे राहिल्या होत्या, त्या त्यांना हव्या होत्या. मी पोस्टाने पाठवल्या. आता मराठी मंडळींच्या कार्यक्रमांना मला बोलावणं येत नाही. लोक म्हणतात, परीक्षेमुळे तिचं डोकं फिरलं. एकटं बसून शिकायला वेळ जास्त लागतो. चूक झाली तर सांगायला कुणी नसतं, म्हणून मी शीट आठवडाभर भिंतीला लावून ठेवते आणि परक्या माणसाची असल्यासारखी खोडते. लाल पेन्सिल विकत घेतली आहे. पहिल्या चार रविवारी दार पुढेच आलं. पाचव्या रविवारी मागे गेलं. रेघ सरळ आली.

आईला पत्र पाठवलं. तिला वाचता येत नाही. शेजारची मुलगी वाचून दाखवते. चार वर्षं मी लिहीत होते, निकाल लागायचा आहे. या वेळी लिहिलं, मी चारदा नापास झाले, पाचव्यांदा बसते आहे. शेजारच्या मुलीच्या तोंडून ते वस्तीत जाईल. जाऊ दे.

आता मे संपत आला आहे. जूनच्या परीक्षेचा फॉर्म भरला आहे. ऑफिसातलं माझं टेबल हिवाळ्यापर्यंत माझं आहे. पास होईन की नाही हे मला माहीत नाही.

काय करणार ते माहीत आहे. गाड्यांचं दार आणि कचऱ्याचं दार मी मागे काढणार. सफाई करणाऱ्यांची खोली पुढच्या दारातून आत आल्यावर, उजव्या हाताला, खिडकीसकट. परीक्षकांनी ती खोडली तर स्प्रिंगफील्डला जाऊन कारण वाचणार. ते प्रोग्राममध्ये लिहिलेलं असेल तर मान्य करणार. लिहिलेलं नसेल तर सहाव्यांदाही खोली तिथेच काढणार. अक्षरं यापुढे फक्त माझ्या शीटवर.

आणि माझ्यावर कुणी हसलं, तर त्या हसण्यात मी नसेन.